टँक चकचकीत, मासे आजारी

ठाण्याच्या वर्तकनगरमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे. पत्र थोडं आटोपशीर करून देते:

"पाचवीतल्या मुलाच्या हट्टापायी मे महिन्यात दोन फुटी फिश टँक घेतला. चार गोल्डफिश आणि 'हा घाण खातो' म्हणून दुकानदारानं दिलेला एक सकर. दर रविवारी मी सगळं पाणी काढते, टँक, रंगीत दगड, फिल्टरचा स्पंज सगळं नळाखाली घासून लख्ख करते. रात्री आवाज होतो म्हणून फिल्टर बंद ठेवतो. दोन आठवड्यांपूर्वी आणखी दोन छोटे गोल्डफिश आणले. आता त्यातल्या एकाच्या अंगावर आणि शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आहेत. काळा मासा सारखा वर येऊन तोंड उघडतो. एक जण पर मिटून तळाशी बसलाय. मोठ्या नारंगी माशाच्या गालांवरही ठिपके दिसतात, पण तो मजेत खातोय. दुकानदारानं निळं औषध आणि पिवळ्या पावडरची पुडी दिली, पाच पाच थेंब आणि चिमूटभर. दोन्ही टाकलं. मंगळवारी एक छोटा मासा गेला. सासूबाई म्हणतात, उरलेले तलावात सोडून द्या, तिथे तरी जगतील. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. कोणतं औषध देऊ? आणि माझंच काही चुकलं का?"

ताई,

उत्तर मोठं होणार आहे आणि तुमच्या काळ्या माशाला तेवढा वेळ नाही. म्हणून आधी एवढं करा, बाकीचं नंतर वाचा.

फिल्टर चालू करा आणि आता तो बंद करायचा नाही, रात्रीही नाही. एअर पंप असेल तर तोही लावा. नसेल तर उद्या सकाळी पहिलं काम तेच. खाणं बंद, पुढचे तीन दिवस एक दाणाही नको. गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहू शकतो, त्याची काळजी करू नका. निळं आणि पिवळं, दोन्ही औषधं थांबवा. मग टँकमधलं एक तृतीयांश पाणी, म्हणजे साधारण एक बादली, पाइपानं तळातून ओढून काढा. तेवढंच नवं पाणी अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारे थेंब) घालून, टँकमधल्या पाण्याइतकंच कोमट-गार आहे ना हे हात घालून बघून, मगानं हळूहळू ओता. दगड धुऊ नका. स्पंजला हात लावू नका. उद्या पुन्हा तसंच, एक बादली.

झालं? आता नीट बोलू.

मासा आजारी आहे असं कुणी सांगितलं की मी आधी एक गोष्ट विचारते: सगळे एकदम आजारी पडले की एकामागून एक? सगळे एकाच दिवशी धापा टाकायला लागले, वर येऊन तोंड उघडायला लागले, तर बहुतेक वेळा दोष पाण्यात असतो. एकाला सुरू होऊन चार दिवसांनी दुसऱ्याला, मग तिसऱ्याला असं झालं, तर संसर्ग. पाणी बदलल्यावर तासाभरात मासे सैरावैरा धावले, तर क्लोरीन किंवा थंड-गरमचा धक्का. तुमच्या पत्रात दोन्ही कहाण्या एकमेकींत गुंतल्या आहेत. म्हणून दुकानदारालाही उलगडा झाला नसावा. ठिपके नव्या माशाबरोबर आले. पण जुने मासे त्याआधीच कमजोर झाले होते, पाण्यामुळे.

तुमचा टँक चकचकीत आहे हे मला पत्रातूनच दिसतंय. अडचण तिथेच आहे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनियाला रंग नसतो, थोडा असेल तर वासही येत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि माशाचे कल्ले आतून भाजत असतात. हा अमोनिया संपवणारे जिवाणू स्पंजमध्ये, दगडांवर, काचेच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच: ते रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि आपण पाणी बदलतो तेव्हा ते निघून जातं. ही सगळी वसाहत बसायला नव्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे लागतात.

तुम्ही घरी दही लावत असाल. विरजणाची वाटी दर रविवारी घासून पालथी घातली, तर सोमवारी दही लागणार कशाला? तुमच्या स्पंजचं तेच झालं. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात तो पिळला गेला, दगड घासले गेले आणि टँक दर आठवड्याला पहिल्या दिवसावर आला. मे महिन्यापासून तुमचे मासे दर रविवारी नव्या टँकमध्ये राहायला जात होते. त्यात रात्री फिल्टर बंद. ते जिवाणूही श्वास घेतात. पाणी वाहायचं थांबलं की स्पंजमधला प्राणवायू संपतो आणि सकाळी बटण दाबलं की रात्रभर साचलेलं नासकं पाणी टँकमध्ये येतं.

तर 'माझंच चुकलं का' याचं उत्तर: हो, यामुळे माशांना त्रास झाला. पण ताई, स्वच्छता कमी पडू नये म्हणून जी बाई दर रविवारी दोन तास टँक घासते, तिला निष्काळजी म्हणायची माझी जीभ धजणार नाही. टँक विकताना ही विरजणाची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी होती. ती कुणी सांगितली नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आता ठिपक्यांकडे. संध्याकाळी खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूनं, काचेला तिरका धरून प्रत्येक माशावर फिरवा. छोट्या माशाच्या अंगावरचे ठिपके बारीक मिठाच्या कणाएवढे, किंचित उठावदार आणि कुठेही विखुरलेले दिसतील. शेपटीच्या पारदर्शक भागात ते सगळ्यांत स्पष्ट दिसतात. मासा मधूनच अंग दगडावर घासून झटकन पळत असेल. हा इक, म्हणजेच व्हाईट स्पॉट. एक सूक्ष्म परजीवी कातडीच्या खाली शिरून बसतो, त्याचा तो फुगवटा. टॉर्चच्या उजेडात मीठ न दिसता सोनेरी-पिवळसर भुकटी फासल्यासारखी दिसली, तर तो वेगळा रोग, व्हेल्व्हेट. कापसासारखे झुपके दिसले, तर बुरशी किंवा तोंडा-पाठीवर पसरणारा एक जिवाणू. तुमच्या वर्णनात मीठच आहे, म्हणून मी इक धरून चालते.

आणि मोठ्या नारंगी माशाचं काय? त्याचे ठिपके कुठे आहेत ते नीट बघा. फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर, ओळीनं, सगळे एकाच मापाचे, आणि शेपटी स्वच्छ? मग तो आजारी नाहीच. तो नर आहे आणि वयात आलाय. गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात असे पांढरे फोड येतात आणि आपोआप जातात. ते रोगाचे ठिपके समजून धडधाकट नरावर औषधांचा मारा केलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत. तो मजेत खातोय हे तुम्ही लिहिलंत, तेवढ्यावरूनच मला शंका आली होती. मुलाला ही बातमी आजच सांगा.

काळा मासा वर येतोय तो बहुधा अमोनिया-नायट्राइटमुळे. इक कल्ल्यांतही बसतो आणि तिथे तो आपल्याला दिसत नाही, तेही असू शकतं. दोन्हींचा पहिला उपाय एकच: भरपूर हवा आणि ताजं पाणी. उकाड्यात हे आणखी अवघड होतं, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, ३० अंशांना साडेसातच. तळाशी बसलेल्या माशाला एकदा वरून, झाकण काढून बघा. खवले अननसासारखे उभे राहिलेले दिसले तर त्याचं शरीर आतून निकामी होत आलंय आणि मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. खवले सपाट असतील, तर तो फक्त दमलाय आणि वाचू शकतो.

जमलं तर अमोनिया आणि नायट्राइटचं थेंबांचं टेस्ट किट आणा. चारशे रुपयांची औषधं आणण्याआधी किट आणावं असं माझं ठाम मत आहे. दोन्ही आकडे शून्य हवेत. शून्याच्या वर काहीही आलं तर त्या दिवशी पुन्हा एक बादली पाणी बदला.

आता इलाज. इकचा परजीवी तीन अवस्थांतून जातो आणि ही गोष्ट कळली तर पुढचं सगळं कळतं. पहिल्या अवस्थेत तो माशाच्या कातडीखाली, ठिपका होऊन, खात बसलेला असतो. तिथे त्याला कुठलंही औषध लागत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी पडतो, दगडांत स्वतःभोवती चिकट कवच करतो आणि आत त्याचे शेकडो तुकडे होतात. तिथेही औषध पोचत नाही. मग कवच फुटतं आणि ती शेकडो पिल्लं पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. फक्त या शेवटच्या एक-दोन दिवसांत औषध त्यांना मारू शकतं.

म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके नाहीसे होतात तेव्हा माणसं फसतात. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असं वाटून औषध बंद करतात. खरं तर ठिपके तेव्हा माशावरून उतरून दगडांत गेलेले असतात, आणि आठवड्यानं दुपटीनं परत येतात. आपल्याकडे पावसाळ्यात घरातलं पाणी २७-२८ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे हे चक्र आठवड्याच्या आतच फिरतं. ही सोयीची गोष्ट आहे, हीटर लावून पाणी तापवायची गरज नाही. गोल्डफिश मुळात गार पाण्यातला मासा, त्याला ३० अंशांवर नेणं मला पटत नाही. पण इलाज पूर्ण १४ दिवस चालला पाहिजे. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान पाच-सहा दिवस.

तुमच्या टँकमध्ये आधीच दोन औषधं पडली आहेत, म्हणून तिसरं रसायन लगेच नको. मी मिठानं सुरुवात करेन. साधं खडे मीठ, सैंधव किंवा काळं नको. आधी पाणी मोजा: लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, हजारानं भागा. दोन फुटी टँक ६० बाय ३० चा असतो. पाणी २५ सेंटिमीटर उंच असेल तर ४५ लिटर झालं. लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ४५ ग्रॅम मीठ किचनच्या वजनकाट्यावर मोजा, मगभर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि फिल्टरच्या धारेखाली हळूहळू ओता. बारा तासांनी पुन्हा ४५. आणखी बारा तासांनी पुन्हा ४५. एकूण १३५ ग्रॅम, लिटरला ३ ग्रॅम. एकदम टाकू नका आणि खडे थेट माशांवर तर मुळीच नको, अंगाला चिकटले तर जखम होते. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी आटलं तर नुसतं पाणी भरा. पाणी बदललंत तर बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ घाला: १५ लिटर काढलंत तर ४५ ग्रॅम परत. मिठाचा आणखी एक उपयोग इथे आहे. त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही, त्यामुळे काळ्या माशालाही आराम पडेल.

सकरला मात्र एवढं मीठ सोसवत नाही. त्याला झाकणाच्या प्लास्टिकच्या टबात काढा. टबाच्या झाकणाला भोकं हवीत, कारण सकर उडी मारतो. एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, सोडा, लिटरला १ ग्रॅमच मीठ घाला आणि रोज जवळजवळ सगळं पाणी बदला, दोन आठवडे. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन विसरू नका. टबात दगड नसतात, त्यामुळे तळाशी पडलेले परजीवी रोज पाण्याबरोबर बाहेर जातात. इथे रोजची सफाई हाच इलाज आहे.

मुख्य टँकमधले रंगीत दगड सध्या बहुतेक काढून ठेवा, बोटाएवढा थरही नको. एक दिवसाआड पाइपानं तळ ओढून घ्या. सगळा गाळ तिथे असतो आणि परजीवीची घरंही तिथेच. पाचव्या दिवशीही नवे ठिपके येत असतील, तर व्हाईट स्पॉटचं औषध आणा, ज्यावर मॅलाकाइट ग्रीन, किंवा मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन, असं लिहिलेलं असतं. बाटलीवरचं प्रमाण तुमच्या ४५ लिटरला लावा. टँक केवढा हे न विचारता सांगितलेल्या पाच थेंबांना काही अर्थ नाही. हातमोजे घाला, मुलाच्या हाती बाटली देऊ नका. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर औषधाआधी काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल. औषधाच्या दिवसांत हवा जास्तच हवी.

निळ्या औषधाबद्दल थोडं. ते बहुधा मिथिलीन ब्ल्यू. अंड्यांवरच्या बुरशीसाठी वेगळ्या भांड्यात ते फार उपयोगी आहे, पण मुख्य टँकमध्ये ते फिल्टरमधल्या त्या विरजणाच्या जिवाणूंनाही मारतं. आणि नाव नसलेली पिवळी पावडर फेकून द्या. पुडीवर नाव, प्रमाण, तारीख काही नसेल तर ते औषध नाहीच, मग ती विकणारा कितीही ओळखीचा असो. अशा पुड्यांत बऱ्याचदा अँटिबायोटिक असतं. इक हा जिवाणू नाही, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या बोलण्यामागची माया मला कळते: काचेत मरण्यापेक्षा मोकळ्या पाण्यात जगोत. पण ठाणं हे तलावांचं गाव आहे आणि मासुंदा, उपवन, कचराळी यांत आपले मासे आहेत, कासवं आहेत, पक्षी आहेत. तिथे सोडलेला आजारी गोल्डफिश आपला परजीवी तिथल्या माशांना देईल आणि स्वतः बहुधा बगळ्याच्या तोंडी जाईल. सकर तर त्याहून वाईट. तो मरत नाही, फूटभर वाढतो, काठांत बिळं करतो, आणि देशातल्या कितीतरी तळ्या-नद्यांत असाच कुणीतरी सोडलेला सकर आज मासेमारांच्या जाळ्यात मूळ माशांऐवजी येतोय. टँकचं काढलेलं पाणीही तलावात किंवा सोसायटीच्या कमळकुंडीत नको. मोरीत ओता. गेलेला मासा कुंडीत खोल पुरा.

नळाच्या पाण्याबद्दलही बोलायला हवं, कारण पावसाळा आहे. धरणात गढूळ पाणी आलं की क्लोरीन वाढतं, पहाटेच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येतो हे तुम्हीही अनुभवलं असेल. घोडबंदर रोडकडच्या सोसायट्यांत टँकर आला की त्या पाण्याचा भरवसा आणखी कमी. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी धुतली गेली. धुणाऱ्यांनी ब्लीचिंग पावडर भरपूर वापरली आणि टाकी नीट खळखळून न घेताच पाणी सोडलं. मी त्याच दुपारी, नेहमीसारखं, दोन बादल्या पाणी बदललं. अर्ध्या तासात आठ वर्षांचा माझा ओरांडा जातीचा गोल्डफिश पाण्याच्या वर येऊन आडवा पडला. त्याच्या कल्ल्यांतून पांढरट चिकट दोरे लोंबत होते. अँटी-क्लोरीन घरात होतं, शेल्फवरच, मी सवयीनं रोजच्याइतकेच थेंब टाकले होते. त्या दिवशी ते पुरले नाहीत. तेव्हापासून सोसायटीच्या फळ्यावर टाकी धुण्याची नोटीस लागली की मी पुढचे तीन दिवस पाणी बदलत नाही, आणि एक झाकलेला ड्रम कायम भरून ठेवते. तुम्हीही एक ड्रम ठेवा.

पावसाळ्यातली दुसरी गोष्ट म्हणजे डासांची धुरफवारणी. ते कीटकनाशक माशांना अतिशय घातक आहे आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. गाडीचा आवाज आला की खिडक्या लावा, टँकवर ओला टॉवेल टाका, पंप तेवढ्यापुरता बंद करा, फिल्टर चालू राहू दे. वास गेला की पंप पुन्हा सुरू.

पंपाच्या आवाजावर उपाय आहे. पंप टेबलावर थेट न ठेवता जुन्या टॉवेलच्या दोन घड्यांवर ठेवा, निम्मा आवाज टेबलाच्या थरथरण्याचाच असतो. टॉप फिल्टरची धार उंचावरून पडत असेल तर पाण्याची पातळी दोन बोटं वाढवा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येणार नाही.

हे सगळं निस्तरलं की दर रविवारी फक्त एक बादली पाणी, एवढंच. स्पंज महिन्यातून एकदा, आणि तोही टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबायचा. मळकट दिसला तरी चालेल. नवा मासा आणाल तेव्हा दुकानापासून थेट टँकमध्ये नको. तो परराज्यातून पिशवीत बांधून आलेला असतो, मग कुर्ल्याच्या बाजारात, मग तुमच्या दुकानात, प्रत्येक ठिकाणी वेगळं पाणी आणि वेगळी गर्दी. सकरचा तोच टब धुऊन ठेवा, नवा मासा तीन आठवडे त्यात राहू दे, पिशवीतलं पाणी फेकून द्या. खरं सांगायचं तर नवे आणूच नका. दोन फुटी टँकमध्ये दोन गोल्डफिश सुखानं राहतात. तुमच्याकडे पाच उरलेत आणि सकर आहे. सगळे वाचले तर मोठा टँक किंवा एखादं चांगलं घर शोधावं लागेल, त्याची तयारी ठेवा. सकर तर नक्कीच द्यावा लागेल, मोठा झाल्यावर तो गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर ओरपतो.

आता मुलाबद्दल. मासा समुद्रात गेला, देवाघरी पोहत गेला, असं काही सांगू नका. पाचवीतला मुलगा आहे, त्याला खरं कळतं आणि खरं पेलतं. पाणी बिघडलं होतं, आपल्याला माहीत नव्हतं, आता कळलंय, आणि उरलेल्यांसाठी तुझी मदत लागणार आहे, असं सांगा. आणि खरोखर मदत घ्या. त्याला एक वही द्या. रोज संध्याकाळी त्याच वेळी, घड्याळ लावून, प्रत्येक माशाची कल्ल्यांची झाकणं एका मिनिटात किती वेळा उघडतात ते मोजायचं. मोठ्या नारंगीचा आकडा माप म्हणून धरायचा आणि काळ्याचा आकडा त्याच्या जवळ येतोय का ते बघायचं. शेपटीवरचे ठिपके मोजायचे, टॉर्च लावून. पाणी किती काढलं, मीठ किती घातलं, तेही त्याच वहीत. डॉक्टरांच्या केसपेपरइतकी ती वही कामाची असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळ्याचा आकडा उतरायला लागला की मुलगा स्वतःहून जेवायला येईल.

चौथ्या दिवसापासून खाणं सुरू करा, दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. उकडून साल काढलेला मटारचा दाणा, बोटांनी चुरडून, गोल्डफिशला आवडतो आणि पोटालाही हलका. जुने मासे बरे होताना अंगावर किंवा परांच्या कडेला काळे डाग येऊ शकतात. घाबरू नका, अमोनियानं भाजलेली कातडी भरून येताना गोल्डफिशला असं होतं आणि काही आठवड्यांत ते जातात.

गणपतीला गावी जाणार असाल तर शेजारच्यांच्या हाती खाण्याचा डबा देऊ नका. प्रेमापोटी मूठभर टाकतात आणि आठवडाभरात पाणी कुजतं. पाच दिवस मासे उपाशी राहिले तरी चालतात. राहवत नसेल तर कागदाच्या दोन पुड्या बांधून ठेवा, वर वार लिहून, आणि चावीबरोबर एकच गोष्ट सांगा: फिल्टरचं बटण बंद करायचं नाही.

पंधराव्या दिवशी मुलाची वही समोर ठेवून मला पुन्हा लिहा. काळ्याचा आकडा आणि शेपटीवरच्या ठिपक्यांचा हिशेब पाठवा, आणि तळाशी बसलेला मासा उठला का तेही.